खटल्यानंतरच्या रखमाबाई

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीच्या दर्शनासाठी जी रांग लागते, तिच्यात चाळिशी-पंचेचाळिशीच्या स्त्रियांची संख्या मोठी असते. घटस्थापनेच्या कितीतरी आधी यांपैकी अनेकींनी दिनदर्शिकेसमोर उभे राहून बोटांवर दिवस मोजलेले असतात. तारीख आड येणार असेल, तर पाळी पुढे ढकलण्याची गोळीही घेतलेली असते. मात्र या वयात हा हिशेब चुकू लागतो. दोन-दोन महिने पाळी येत नाही आणि मग पंधरा दिवसांतच पुन्हा येते. मध्यरात्री अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते, क्षुल्लक कारणाने डोळे भरून येतात. घरात कोणी विचारत नाही आणि विचारलेच तर काय सांगावे, हे तिलाही उमगत नाही.

मुलगी वयात येते तेव्हा मात्र असे मौन नसते. एकोणिसाव्या शतकात तर त्या घटनेवर घरातील वडीलधारी, उपाध्याय, जातपंचायत आणि अखेरीस सरकारी न्यायालय अशा सर्वांनीच हक्क सांगितला. हा हक्क ज्या एका मुलीने नाकारला, ती पुढे डॉक्टर झाली आणि सुमारे पस्तीस वर्षे स्त्रियांच्या रुग्णालयांत राबली. डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले की त्यांचा खटला आठवतो. त्यानंतरचे दीर्घ आयुष्य सहसा दोन ओळींत आटोपले जाते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. काही वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. असा सावत्र पिता लाभणे हे रखमाबाईंचे भाग्य म्हटले पाहिजे.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. लग्नानंतर सात-आठ महिन्यांत त्या वयात आल्या. रूढीप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी व्हायचा होता. येथे सखाराम अर्जुन आडवे आले. कोवळ्या वयातील गर्भारपणाने मुलीच्या देहाची काय दशा होते, हे वैद्यकाच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होते. पाळी आली म्हणजे शरीर मातृत्वाला सिद्ध झाले असे नव्हे, ही गोष्ट आज शाळकरी मुलीलाही सांगितली जाते. तेव्हा ती घरात ठामपणे बोलून दाखवायला डॉक्टरच असावे लागले. रखमाबाई माहेरीच राहिल्या, वाचू-लिहू लागल्या, आणि मोठ्या झाल्यावर हे लग्न आपल्याला मान्य नाही, या निर्णयाप्रत आल्या.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. दादाजींनी १८८४ मध्ये पत्नी नांदायला यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात प्रकरण परत पाठवले गेले. आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंनी महिनाभरात नांदायला जावे, अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगावी, असा हुकूम दिला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ विरोधात उभे होते, मलबारींसारखे सुधारक बाजूने. हा वाद थेट इंग्लंडच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचला. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ मध्ये झाला, त्यामागच्या वातावरणात या खटल्याचा वाटा मोठा होता.

फॅरन यांच्या निकालाच्या अवघे सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले होते. आनंदीबाई कल्याणच्या, रखमाबाईंहून चार-पाच महिन्यांनीच लहान. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षाच्या आसपास बाळंतपण आणि दहा दिवसांत मूल दगावलेले. आपल्या स्त्रिया परपुरुष डॉक्टरला दुखणे सांगत नाहीत आणि ते अंगावर काढून मरतात, या एका जाणिवेने त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभाग त्यांची वाट पाहत होता. त्या तेथे रुजू होऊ शकल्या नाहीत. कल्याणच्या लेकीने पाहिलेले ते काम पुढे ज्या मोजक्या स्त्रियांनी प्रत्यक्षात केले, त्यांत रखमाबाईंचे स्थान वरचे आहे.

डॉक्टर होण्याची वाट त्यांना कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी दाखवली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले, इंग्लंडमधील हितचिंतकांनी मदत केली, आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. शिक्षण पुरे करून परतल्यावर १८९५ मध्ये त्यांनी सुरतेच्या स्त्री रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली.

रुग्णालय होते, डॉक्टर होती, रोगी मात्र येत नसत. इस्पितळात जाणे म्हणजे मरायला जाणे, अशी समजूत होती आणि बाळंतपणासाठी घराबाहेर पाऊल टाकणे अब्रूला कमीपणा आणणारे होते. रुग्णालयाच्या आवारात एका गाभण जनावराची सुटका रखमाबाईंनी स्वतः केली आणि ते पाहून बायकांचा धीर चेपला, अशी हकिकत सांगितली जाते. ती खरी असेल वा रंगवलेली असेल. पण विश्वास संपादन करण्यासाठी त्या काळच्या डॉक्टरणीला औषधांच्या कपाटाबाहेरचे किती उपाय योजावे लागत, हे तिच्यातून कळते.

जनाना रुग्णालयाचे मोल केवळ बाळंतपणात मोजणे चुकीचे ठरेल. पडद्यामागे बोलण्याची ती एक जागा होती. मध्यम वयातील स्त्रीच्या वाट्याला तर तेव्हा वैद्यकशास्त्रही फारसे आलेले नव्हते. पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होऊन पन्नाशीला थांबते, इतके सुश्रुताने नोंदवून ठेवले होते. युरोपात या अवस्थेला स्वतंत्र नाव मिळाले ते १८२१ मध्ये, गार्दान या फ्रेंच वैद्याच्या लिखाणातून. परंतु एकोणिसाव्या शतकातील डॉक्टर या वयातील तक्रारी बहुधा मज्जातंतूंच्या दुबळेपणावर ढकलून मोकळे होत. आपल्याकडे पाळी गेलेली स्त्री सोवळ्याच्या स्वयंपाकाला सोयीची ठरे. देवघरातील तिचा अधिकार वाढे, हे खरे. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत तिच्या जिवाचे काय होते, याची चौकशी मात्र देवघरातही होत नसे आणि दवाखान्यातही.

आता चित्र पुष्कळ स्पष्ट झाले आहे. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा काही वर्षे आधीच. आणि बदलांना त्यापूर्वी कित्येक वर्षे सुरुवात झालेली असते. बीजांडकोशांचे काम अनियमित होते, संप्रेरकांची पातळी वरखाली होते आणि तिच्याबरोबर झोप, मन, स्मरण व रक्तस्राव यांचाही ताल बिघडतो. हा आजार नव्हे, स्वभावदोष तर नव्हेच. तरीही अतिस्राव होत राहिला तर रक्तक्षय होतो, थायरॉइडची व्याधी याच लक्षणांआड लपू शकते, आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसले तर तपासणी टाळता कामा नये. आपल्या देहात काय चालले आहे हे कळलेली स्त्री निम्मी सावरते. घरातील माणसांना ते कळले, तर उरलेली वाट सोपी होते.

स्वतः रखमाबाई या वयाच्या उंबरठ्यावर असताना, १९०४ मध्ये, दादाजी भिकाजी वारले. त्यांच्याशी रखमाबाईंनी एक दिवसही संसार केला नव्हता. तरीही ही बातमी कळल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली आणि पुढे तोच वेष ठेवला. या कृतीने त्यांचे चाहते आजही बुचकळ्यात पडतात. ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १८८५ साली लादलेल्या वैधव्यावर कोरडे ओढणारी हीच लेखणी होती. आईने वैधव्य झुगारून पुन्हा संसार मांडला होता. मग ज्याला पती मानलेच नाही, त्याच्यासाठी ही पांढरी साडी कशाला?

याकडे शरणागती म्हणून पाहणे घाईचे वाटते. चाळिशीतील एकटी स्त्री, परक्या शहरात, वेळी-अवेळी कोणाच्याही घरात शिरणारी. ती सवाष्ण की परित्यक्ता, हा प्रश्न प्रत्येक दारात तिच्या आधी पोहोचत असणार. विधवेच्या वेषाने तो मिटला. समाज ज्या स्त्रीकडे स्त्री म्हणून पाहणे थांबवतो, तिच्यावरचा पहाराही सैल करतो. वैधव्य आणि ऋतुनिवृत्ती या दोन्ही वाटांनी हे घडते. ही सवलत अपमानातून आलेली असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. रखमाबाईंनी ती कामासाठी वापरली असेल, तर त्यांच्या व्यवहारचातुर्याला ते शोभणारेच होते. अर्थात, अकराव्या वर्षी अंगावर पडलेले नाते चाळिसाव्या वर्षीही पुरते गळून पडले नव्हते, ही शक्यताही उरतेच, आणि ती अधिक दुःखद आहे.

सुरतेत दोन तपांच्या आसपास घालवल्यावर, १९१८च्या सुमारास, त्यांना सरकारच्या स्त्री वैद्यकीय सेवेत येण्याविषयी विचारणा झाली. ती त्यांनी नाकारली आणि राजकोटच्या जनाना रुग्णालयाची जबाबदारी घेतली. वय त्रेपन्न. ज्या वयात त्यांच्या बरोबरीच्या स्त्रिया सुनांच्या हाती किल्ल्या देऊन माळ ओढीत बसत, त्या वयात रखमाबाईंनी नव्या संस्थानात, नव्या माणसांत पुन्हा पहिल्यापासून घडी बसवली. तेथे दहा-अकरा वर्षे काम करून त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पडदा पद्धत नष्ट व्हावी यासाठी एक पुस्तिका लिहिली. दुखणे लपवायला लावणारी भिंत त्यांनी जितक्या जवळून पाहिली होती, तितकी क्वचितच कोणी पाहिली असेल. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत आणि जर्मनीत शास्त्रज्ञांनी इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मध्यम वयातील स्त्रीच्या ज्या तक्रारी मनाचे खेळ म्हणून हसण्यावारी नेल्या जात, त्यांचे रासायनिक कारण प्रथमच हाती लागू पाहत होते. संप्रेरकांचे उपचार पुढे कधी अतिरेकाने वापरले गेले, तर २००२ मधील मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर भीतीने टाकले गेले. आता ते कोणाला, कोणत्या वयात आणि किती काळ द्यावेत, हे व्यक्ती पाहून ठरवले जाते.

उतारवय रखमाबाईंनी मुंबईत घालवले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी उलटल्यावर, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय पंधरा ठरवले, घटस्फोटाची वाट मोकळी केली. आणि जोडीदाराला नांदायला बोलावण्याचा दावा नवव्या कलमात कायम ठेवला.