लोखंड चांद्यात होतं, मग टाटांचा कारखाना जमशेदपूरला का गेला?

मेटल डिटेक्टर घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला हमखास दोन गोष्टी विचारतो. किती खोलवरचं पकडतं? आणि खाली जे आहे ते नेमकं काय, हे ओळखतं का? दुकानदार दोन्हींना हो म्हणतो. खरं तर दोन्ही एकत्र जमणं अवघड असतं. मोठी कॉइल लावली की मशीन खोल जातं, पण बारीक वस्तू सुटतात. वस्तू जितकी खोल, तितका सिग्नल क्षीण, मग खिळा आहे की नाणं हे सांगणं कठीण. त्यात मातीतच लोहाचं प्रमाण जास्त असेल, तर मशीन खोटे सिग्नल देऊ लागतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत अशा लोहखनिजाच्या टेकड्या आहेत. याच भागात एका माणसाने हे दोन प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर विचारले होते. तेव्हा असलं कुठलंही मशीन त्याच्या हाताशी नव्हतं. तो माणूस म्हणजे जमशेटजी टाटा.

जमशेटजींचा जन्म 3 मार्च 1839 चा, गुजरातमधल्या नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झालं. वडिलांच्या व्यापारासाठी ते हाँगकाँगला राहिले आणि 1868 मध्ये 21 हजार रुपयांवर स्वतःची पेढी काढली. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. विदर्भाशी त्यांचं नातं जुळलं ते पुढे, कापसामुळे.

कापडाची गिरणी काढायची तर मुंबईत, असा तेव्हाचा रिवाज. जमशेटजींनी निवडलं नागपूर, कारण कापूस जवळ, कोळसा जवळ. स्टेशनजवळची दलदलीची जागा घेऊन त्यांनी भराव टाकायला सुरुवात केली, तेव्हा एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. सोनं मातीत घालणाऱ्या माणसाला कोण कर्ज देणार, असं त्याचं म्हणणं. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि काही वर्षांनी त्याच सावकाराला आपलं मत बदलावं लागलं.

नागपूरला येणं-जाणं असतानाच 1882 मध्ये त्यांच्या हाती एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यात लोखंडाचा धंदा आर्थिकदृष्ट्या परवडेल का, याचा अभ्यास केला होता. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि त्यातच आजचा गडचिरोली. हा जिल्हा वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. अहवालात जागा सांगितली होती लोहारा. नावच बोलकं आहे. या जंगलपट्ट्यात लाकडी कोळशाच्या छोट्या भट्ट्यांत लोखंड गाळणारे लोक पिढ्यान् पिढ्या होते. त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला कोळशाची खाण, आणि वर्ध्याहून तिथवर रेल्वेही आलेली. एकाच जिल्ह्यात खनिज आणि कोळसा. जमशेटजी 43 वर्षांचे होते आणि आता पोलाद काढायचंच, असं त्यांनी ठरवलं.

पण वरोऱ्याच्या कोळशाची जर्मनीत चाचणी झाली, तर तो कामाचा निघाला नाही. कोळसा काय, जळतोच की, असं वाटू शकतं. झोतभट्टीत मात्र कोळशाचा कोक करून घालावा लागतो, आणि या कोकला नुसतं जळायचं नसतं, वर रचलेल्या खनिजाचा भारही पेलायचा असतो. त्याचा भुगा झाला तर हवेचा झोत अडतो आणि भट्टी बसते. वरोऱ्याच्या कोळशाचा असा कोक होत नव्हता. त्यात सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटी इतक्या जाचक, की शहाणा माणूस पैसा घालणार नाही. बेत बासनात गेला. तरी जमशेटजींनी खनिजांचे नमुने आणि माहिती गोळा करणं थांबवलं नाही.

1899 मध्ये लॉर्ड कर्झनने खाणींचे नियम सैल केले आणि साठीला आलेले जमशेटजी पुन्हा उठले. लंडनला जाऊन भारतमंत्र्यांना भेटले. 1902 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या भट्ट्या बघितल्या आणि न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला काम दिलं. त्याच वर्षी मुलाला, दोराबजींना, पत्र लिहून कामगारांचं गाव कसं हवं तेही कळवलं. रुंद रस्ते, सावलीची झाडं, खेळाची मैदानं, सगळ्या धर्मांची प्रार्थनास्थळं. कारखाना कुठे होणार याचा पत्ता नव्हता, पण गाव डोळ्यांपुढे होतं.

पेरिनने आपला भागीदार सी. एम. वेल्ड याला भारतात पाठवलं. 1904 मध्ये वेल्ड, दोराबजी आणि जमशेटजींचा भाचा शापूरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात बैलगाड्यांनी फिरू लागले. प्यायला पाणी मिळेना, तेव्हा कधी कधी सोडावॉटरचा चहा केला गेला. (हेच शापूरजी पुढे ब्रिटनच्या संसदेत कम्युनिस्ट खासदार झाले.)

त्या काळी धातू शोधायची रीत साधी होती. दगड हातोड्याने फोडायचा, खरबरीत चिनीमातीवर घासायचा. लालसर रेघ उमटली तर हेमॅटाइट, काळी उमटली आणि चुंबकाला चिकटला तर मॅग्नेटाइट. खोली समजायला मात्र खड्डे आणि चर खणण्याला पर्याय नव्हता. लोहाऱ्याचं खनिज उत्तम होतं. पण मोठ्या कारखान्याला पिढ्यान् पिढ्या पुरेल एवढा साठा वेल्डला या भागात दिसला नाही. तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं लोखंड, आणि जवळ कोकचा कोळसा नाही. त्याने चांदा सोडून द्यायचा सल्ला दिला.

दोराबजी हे सांगायला नागपूरला सरकारी अधिकाऱ्यांकडे गेले. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता, आणि दुर्ग भागावर लोखंडाचा रंग. तो धागा धरून वेल्ड आणि शापूरजी दल्ली-राजहराच्या टेकडीवर चढले, तर पायाखाली धातूवर चालल्यासारखा आवाज येत होता. लोखंड भरपूर होतं, पण पाणी आणि कोळशाचा मेळ इथेही बसेना. त्या टेकड्यांवर पुढे भिलाईचा कारखाना उभा राहिला.

मार्ग निघाला तो भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्रातून. ओडिशातल्या मयूरभंज संस्थानात गोरुमहिसानीला उत्तम लोखंड आहे, असं त्यांनी जमशेटजींना कळवलं होतं. झरियाचा कोळसा तिथून आवाक्यात होता.

ते बघायला जमशेटजी राहिले नाहीत. उपचारांसाठी युरोपात गेलेले असताना 19 मे 1904 ला जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे ते वारले. चांद्याचा अहवाल वाचून 22 वर्षं झाली होती. लंडनजवळच्या ब्रूकवूडच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. 1907 मध्ये कंपनी स्थापन झाली, 1912 मध्ये साकचीला पोलाद निघालं आणि 1919 मध्ये त्या गावाचं नाव जमशेदपूर झालं.

चांद्याचं लोखंड जमिनीतच राहिलं. आता एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या टेकड्यांवरून ते निघतंय, कोनसरीला कारखानाही आलाय, आणि खनिजाचे ट्रक गडचिरोलीच्या रस्त्यांवरून धावतायत.