पानांना रंग देणारे हात

शरद ऋतूतील डोंगरवाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झालेली झाडे! शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील कितीतरी मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर असे चित्र असे. खाली सही असे वॉलेस नटिंग यांची.

नटिंग यांचा जन्म १८६१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. वडील यादवी युद्धात गेले. पुढे ते धर्मोपदेशक झाले. पण प्रकृतीने साथ दिली नाही व १९०४ मध्ये त्यांनी ते काम सोडले. सायकलवरून भटकताना कॅमेऱ्याचा नाद लागलेलाच होता, तोच आता व्यवसाय झाला. व्हरमाँटसारख्या डोंगराळ भागातील रस्त्यांची छायाचित्रे ते काचेच्या प्लेटवर घेत.

पण ही छायाचित्रे रंगहीनच निघत. मेपलच्या पानांचा लाल रंग त्यांत येई तो कुंचल्याने. फ्रेमिंगहॅम येथे शंभराच्या आसपास रंगारी मुली समोर नमुना ठेवून प्रत्येक प्रतीवर जलरंग भरीत. त्यांतील कितीजणींनी तो रस्ता पाहिला असेल? आणि सही? तीही बहुधा त्यांच्यातलीच एखादी करी! माझी आई एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावते, बिलावर नाव दुकानाचे असते. म्हणून मी येथे जरा रेंगाळलो.

१९२२ मध्ये नटिंग यांचे व्हरमाँटवरील सचित्र पुस्तक निघाले. जुन्या फर्निचरच्या प्रतिकृती करण्याच्या धंद्यात मात्र त्यांना मोठी खोट आली. १९४१ साली ते वारले. त्यांची चित्रे संग्राहक आजही जपतात आणि खालच्या सहीचे वळण पाहून चित्राचा काळ ठरवतात.