अणुभट्टीच्या छायेतले भाभा

होमी जहांगीर भाभा यांचे नाव निघाले की तुर्भ्याच्या अणुभट्ट्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या कीर्तीने त्यांचे आधीचे आणि कदाचित अधिक टिकाऊ कार्य झाकोळून टाकले आहे.

१९०९ साली मुंबईच्या सुखवस्तू पारशी घराण्यात जन्मलेले भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले, ते यंत्रविद्या शिकून पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे या वडीलधाऱ्यांच्या इच्छेने. ती परीक्षा त्यांनी प्रथम वर्गात दिली आणि मग पदार्थविज्ञानाची वाट धरली. विश्वकिरणांत तेव्हा नुकताच इलेक्ट्रॉनहून जड असा एक कण आढळला होता. असा कण आपोआप विघटन पावत असावा, आणि वेगवान असताना, आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार, अधिक काळ टिकावा, असे भाभांनी १९३८ साली मांडले. हाच आजचा म्युऑन. त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशदेखील जेमतेम ६६० मीटर जातो. तरीही पंधरा-एक किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्युऑन चिखली-मेहकरच्या अंगणांत अखंड पडत असतात.

म्युऑनाचे विघटन आजही भौतिकीची कसोटी आहे. त्यातून केवळ इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण निघाल्याचे एकदा जरी दिसले, तरी मूलकणांचे प्रचलित ‘स्टँडर्ड मॉडेल’ अपुरे ठरेल. लाख कोटी म्युऑनांत एक, इतक्या प्रमाणातही तसे आढळलेले नाही.

१९३९ साली सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे मायदेशीच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. विश्वकिरण खोलवर मोजण्यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणी वापराव्यात, ही कल्पना त्यांचीच. दरिद्री देशाला हा मार्ग परवडणारा होता. विवरे खोदण्याचे भांडवल सोन्यानेच पुरवले होते! बी. व्ही. श्रीकांतन यांनी तेथे मापन आरंभले. १९६५ साली तेथेच वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. काही महिन्यांतच, २४ जानेवारी १९६६ रोजी, माँ ब्लां पर्वतावरील विमान अपघातात भाभा गेले.

त्यांच्या मागे, १९८० साली, सव्वादोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर १४० टनांचे यंत्र प्रोटॉनचे विघटन टिपण्यासाठी सज्ज झाले. काही संशयास्पद खुणा दिसल्या, परंतु इतरत्र त्यांना दुजोरा मिळाला नाही. पुढे प्रयोग थांबले, २००१ साली खाणीही बंद झाल्या. सोन्याचा हिशेब तोट्याचा निघाल्यावर विज्ञानासाठी एखादे तरी विवर राखावे, असे कोणाला वाटले नाही. तेथे आता पाणी साचले आहे.