तबकडीवर स्वतःचे नाव कोरणारी गायिका : गौहर जान यांचा आझमगढ ते म्हैसूर प्रवास

बन्नीमंटप (म्हैसूर) : विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातून निघणारी जंबू सवारी सुमारे पाच किलोमीटरचे अंतर कापून बन्नीमंटपाच्या मैदानावर पोहोचते. कन्नड भाषेत बन्नी म्हणजे शमी. महाराष्ट्रात ज्या दिवशी आपट्याची पाने सोने म्हणून वाटली जातात, त्याच दिवशी येथे शमीच्या वृक्षाचे पूजन होते. आज सोन्याच्या अंबारीत चामुंडेश्वरी देवीची मूर्ती असते. संस्थानी काळात त्याच अंबारीत स्वतः महाराज बसत. १९२८ आणि १९२९ या दोन वर्षांच्या दसऱ्यांना ही मिरवणूक चौथे कृष्णराज वाडियार यांच्या अधिपत्याखाली बन्नीमंटपाकडे गेली, तेव्हा संस्थानच्या सेवेतील कलावंतांत पन्नाशी ओलांडलेली एक गायिका होती. एके काळी तिचे नाव कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत घराघरांत पोहोचले होते. ती गायिका म्हणजे गौहर जान. भारतात ध्वनिमुद्रित संगीताचे युग सुरू झाले ते प्रामुख्याने त्यांच्या आवाजाने; आणि त्या युगाने मिळवून दिलेली कीर्ती व संपत्ती ओसरल्यावर त्यांना अखेरचा आसरा मिळाला तो म्हैसूरमध्ये.

गौहर जान यांचा जन्म २६ जून १८७३ रोजी आझमगढ येथे झाला. त्यांचे मूळ नाव आयलीन अँजेलिना योवर्ड. वडील विल्यम रॉबर्ट योवर्ड हे आर्मेनियन वंशाचे असून बर्फाच्या कारखान्यात अभियंता होते. आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज यांचे वडील ब्रिटिश, तर आई रुक्मिणी भारतीय होती. व्हिक्टोरिया यांना संगीत व नृत्याचे शिक्षण मिळाले होते. १८७२ मध्ये झालेला हा विवाह सात वर्षांतच मोडला आणि लहानग्या अँजेलिनाला घेऊन आई एकाकी पडली. १८८१ मध्ये खुर्शीद नावाच्या एका सद्गृहस्थाच्या आधाराने मायलेकी बनारसला आल्या. तेथे दोघींनी इस्लामचा स्वीकार केला. व्हिक्टोरियाची मलका जान झाली आणि अँजेलिनाची गौहर जान.

बनारसमध्ये मलका जान यांनी गायिका, नर्तकी आणि उर्दू कवयित्री म्हणून नाव कमावले. त्या काळी याच नावाच्या इतरही गायिका असल्याने त्यांना बडी मलका जान म्हणत. १८८३ मध्ये मायलेकी कलकत्त्यात आल्या. अवधचे राज्य खालसा झाल्यानंतर १८५६ मध्ये कलकत्त्यास आलेले नवाब वाजिद अली शाह यांनी मटियाबुर्ज येथे लखनौची एक प्रतिकृतीच उभारली होती. त्यांच्या आश्रयाला उत्तरेतील अनेक गवई व नर्तक जमले होते. मलका जान यांनाही तेथे स्थान मिळाले आणि अल्पावधीतच त्यांनी चितपूर रस्त्यावर ४०,००० रुपयांना स्वतःची इमारत विकत घेतली. गौहर यांची घडण झाली ती याच वातावरणात. पतियाळ्याच्या काले खाँ यांच्यासारख्या उस्तादांकडे त्यांनी गाणे शिकले. लखनौच्या बिंदादीन महाराजांकडून कथकाचे, सृजनबाईंकडून ध्रुपद-धमाराचे आणि चरणदास यांच्याकडून बंगाली कीर्तनाचे शिक्षण घेतले. त्या स्वतः गीतरचनाही करीत आणि त्यासाठी हमदम हे टोपणनाव वापरीत.

१८८७ मध्ये दरभंगा संस्थानच्या दरबारात त्यांची पहिली मैफल झाली व तेथेच त्यांची नियुक्तीही झाली. पुढील दशकात कलकत्त्याच्या जमीनदारांच्या हवेल्यांतून आणि संस्थानिकांच्या दरबारांतून त्यांचे नाव गाजू लागले. ख्याल, ठुमरी, दादरा, कजरी, होरी, चैती, गझल, भजन असे अनेक प्रकार त्या सारख्याच सहजतेने गात. मात्र तोपर्यंत कोणत्याही गायकाच्या कीर्तीची मर्यादा ठरलेली होती. आवाज जेथवर ऐकू जाई, तेथवरच गाणे पोहोचे. मैफल उठली की उरे ती केवळ ऐकणाऱ्यांची आठवण. ही मर्यादा १९०२ मध्ये ओलांडली गेली.

लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने पूर्वेकडील देशांतील संगीत ध्वनिमुद्रित करण्यासाठी फ्रेडरिक विल्यम गायझबर्ग या तंत्रज्ञाला पाठविले. तो त्या वर्षीच्या शरद ऋतूत कलकत्त्यात आला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हॉटेलच्या एका खोलीत तात्पुरते ध्वनिमुद्रण केंद्र उभारण्यात आले. गौहर जान यांचा उल्लेख पुष्कळदा भारतातील पहिली ध्वनिमुद्रित गायिका असा केला जातो. काटेकोरपणे पाहता, त्यांच्या काही दिवस आधी कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरमधील शशिमुखी आणि फणिबाला या दोन तरुण अभिनेत्रींची गाणी मुद्रित झाली होती. परंतु रागसंगीताची पूर्ण तालीम घेतलेला आणि साऱ्या देशाने ओळखला असा पहिला आवाज गौहर जान यांचाच. ११ नोव्हेंबर १९०२ रोजी त्यांनी गायिलेला जोगिया रागातील ख्याल हा भारतीय ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील मैलाचा दगड ठरला. या कामासाठी त्यांनी ३,००० रुपये मानधन घेतल्याची नोंद आहे. त्या काळाच्या मानाने ही रक्कम थक्क करणारी होती.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. विजेवर चालणारा मायक्रोफोन प्रत्यक्ष वापरात येण्यास अजून दोन दशके अवकाश होता. गायिकेला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन खड्या आवाजात गावे लागे. त्या आवाजाच्या धक्क्याने पलीकडची सुई मेणाच्या तबकडीवर रेघा ओढीत असे. मान हलविली तरी आवाज क्षीण होई. हातवारे, मुखाभिनय, श्रोत्यांची दाद यांपैकी काहीच तेथे नसे. सर्वांत मोठी अडचण वेळेची होती. जो राग मैफलीत तासभर मांडला जाई, तो सुमारे तीन मिनिटांत संपवावा लागे. अनेक नामवंत उस्तादांना हा रागाचा अपमान वाटला आणि त्यांनी यंत्रापुढे गाण्यास नकार दिला. यंत्रामुळे आवाज जातो, अशीही भीती अनेकांच्या मनात होती. गौहर जान यांनी मात्र या बंधनातून एक नवी मांडणी घडविली. आरंभीच रागाचे रूप स्पष्ट करायचे, बंदिशीची स्थायी व अंतरा नेटकेपणाने मांडायचा, मोजक्या ताना घ्यायच्या आणि वेळ संपण्यापूर्वी समेवर यायचे. पुढे कित्येक दशके भारतीय गायक-गायिकांनी तबकडीसाठी गाताना जी शिस्त पाळली, तिचा पाया येथे घातला गेला.

गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. यामागे एक व्यावहारिक कारण होते. मेणावरील मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविली जात व तेथे तबकड्या तयार होत. कोणते गाणे कोणाचे, हे तेथील कारागिरांना समजावे आणि तबकडीवर योग्य नाव छापले जावे, यासाठी ही घोषणा असे. परंतु तिचा परिणाम व्यवहारापलीकडचा झाला. कोठीवर गाणारी स्त्री समाजाच्या लेखी केवळ करमणुकीचे साधन होती. तिचे नाव सभ्य घरांत उच्चारले जात नसे. आता ती स्वतःच आपले नाव सांगत होती, आणि ज्या घरांच्या उंबरठ्यावर तिला प्रवेश नव्हता, त्या घरांच्या दिवाणखान्यांत तिचा आवाज नावासह वाजू लागला होता. त्यानंतर अनेक गायक-गायिकांनी ही पद्धत अनुसरली.

१९०२ ते १९२० या काळात गौहर जान यांची ६०० हून अधिक ध्वनिमुद्रणे झाली. हिंदुस्तानी व बंगालीसह गुजराती, मराठी, तमिळ, फारसी, अरबी, पुश्तू, फ्रेंच, इंग्रजी अशा दहांहून अधिक भाषांत त्यांनी गायन केले. त्यांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर आणि ऑस्ट्रियात तयार होणाऱ्या आगपेट्यांवरही झळकली. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्या नवी वस्त्रे व नवे अलंकार लेवून येत, ही गोष्ट गायझबर्गच्याही लक्षात राहिली होती. पाळलेल्या मांजरीला पिल्ले झाली म्हणून त्यांनी २०,००० रुपयांची मेजवानी दिली, चार घोड्यांच्या बग्गीतून फिरण्यासाठी दंड भरणे पसंत केले, अशा कितीतरी आख्यायिका त्यांच्याभोवती गुंफल्या गेल्या. १९११ च्या डिसेंबरमध्ये पंचम जॉर्ज यांच्या दिल्ली दरबारासाठी अलाहाबादच्या जानकीबाईंसमवेत गाण्याचा मानही त्यांना मिळाला.

स्वाभिमानाचा एक प्रसंग विशेष सांगितला जातो. महात्मा गांधींनी स्वराज्य निधीसाठी मैफल करण्याची विनंती त्यांना केली. गांधीजींनी स्वतः उपस्थित राहावे, या अटीवर त्यांनी ती मान्य केली. ऐनवेळी गांधीजींना येता आले नाही. मैफलीत २४,००० रुपये जमले. निधी नेण्यास आलेल्या मौलाना शौकत अली यांच्या हाती गौहर जान यांनी त्यातील निम्मी रक्कम ठेवली. वचन निम्मेच पाळले गेले, तेव्हा देणगीही निम्मीच, असा त्यांचा हिशेब होता.

या वैभवाखालचे खासगी आयुष्य मात्र दुःखाने भरलेले होते. १९०६ मध्ये आई गेली. मुंबईच्या पारशी रंगभूमीवरील नामवंत नट व दिग्दर्शक अमृत केशव नायक यांच्याशी त्यांचे स्नेहबंध जुळले होते. १९०७ मध्ये नायक यांचे तरुण वयातच निधन झाले. त्यानंतर सुरू झाली न्यायालयीन लढाई. घरातील नोकराणीचा, त्याच घरात वाढलेला मुलगा मलका जान यांचा वारस म्हणून पुढे आला आणि गौहर या त्यांच्या औरस कन्या नाहीत, असा दावा त्याने केला. लहानपणी दुरावलेल्या वडिलांचा शोध घेण्याची वेळ त्यांच्यावर आली. अखेर वडिलांनी साक्ष दिली आणि निकाल गौहर यांच्या बाजूने लागला. साऱ्या देशाला स्वतःचे नाव ऐकविणाऱ्या या स्त्रीला आपण कोणाची मुलगी, हे मात्र न्यायालयात सिद्ध करावे लागले. तिच्या आयुष्यातील याहून मोठी विसंगती सापडणे कठीण. पुढे आपले सचिव सय्यद गुलाम अब्बास यांच्याशी त्यांनी विवाह केला. तोही अविश्वासात व खटल्यांत संपला आणि त्यात मालमत्तेचा मोठा भाग गेला.

काळही बदलत होता. कोठीवरील गाण्या-नाचण्याविरुद्धची समाजसुधारकांची मोहीम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जोर धरत होती. जमीनदारांचा आश्रय आटत चालला होता. कलकत्त्याचे वैभव मागे टाकून गौहर जान यांनी दार्जिलिंग, मुंबई अशी ठिकाणे बदलली, पण स्थैर्य लाभले नाही.

अशा वेळी म्हैसूरहून बोलावणे आले. चौथे कृष्णराज वाडियार हे स्वतः संगीताचे जाणकार होते. वीणा शेषण्णा, वासुदेवाचार्य यांसारख्या कर्नाटक संगीतातील थोर कलावंतांबरोबरच या दरबाराने हिंदुस्तानी संगीतालाही उदार आश्रय दिला. भास्करबुवा बखले यांचे गुरू, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांचे अखेरचे दिवस म्हैसूरमध्येच गेले. मिरजेचे अब्दुल करीम खाँ येथे सन्मानाने गाऊन गेले, तर फैयाज खाँ यांना आफताब-ए-मौसिकी ही पदवी याच दरबाराने दिली. १ ऑगस्ट १९२८ रोजी गौहर जान यांची राजवाड्याच्या गायिका म्हणून दरमहा ५०० रुपयांवर नियुक्ती झाली. राहण्यासाठी दिलखुश कॉटेज हे निवासस्थान मिळाले. एका ध्वनिमुद्रणाला ३,००० रुपये घेणाऱ्या कलावतीसाठी हे वेतन मोठे नव्हते. परंतु त्यामागे एका राजाने कलेचा राखलेला मान होता.

म्हैसूरमधील वास्तव्य दीड वर्षाचेच ठरले. शरीर थकले होते, मन एकाकी झाले होते. १७ जानेवारी १९३० रोजी येथील कृष्णराजेंद्र रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ५६ वर्षांच्या होत्या. आर्मेनियन पित्याची ही कन्या आझमगढला जन्मली, बनारसला तिने नवे नाव घेतले, कलकत्त्याने तिला कीर्ती दिली आणि अखेरचा श्वास तिने कावेरीच्या प्रदेशात घेतला.

त्यानंतर अनेक वर्षे त्यांचे नाव केवळ जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांत उरले होते. म्हैसूरच्या राजघराण्याचा इतिहास अभ्यासताना विक्रम संपत यांच्या हाती राजवाड्याच्या अभिलेखागारातील त्यांच्याविषयीची कागदपत्रे आली आणि त्यातून २०१० मध्ये त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र सिद्ध झाले. कलकत्त्याने घडविलेल्या या गायिकेच्या जीवनकथेचा धागा अशा रीतीने म्हैसूरच्या दप्तरखान्यात सापडला.

गौहर जान यांच्यानंतरच्या पिढीत हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या. गोव्याच्या केसरबाई केरकर यांचे तीन-साडेतीन मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेले. या साऱ्या वाटचालीचा आरंभ कलकत्त्यातील हॉटेलच्या त्या खोलीत, कर्ण्यापुढे उभ्या राहिलेल्या एका स्त्रीने केला होता. दरवर्षी दसऱ्याला लाखो लोक जंबू सवारी पाहण्यासाठी राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंतच्या मार्गावर दुतर्फा उभे राहतात. या नगरीने आपल्या अखेरच्या दिवसांत सांभाळलेल्या गौहर जान यांची आठवण त्यांपैकी फार थोड्यांना असेल. परंतु एखादी जुनी तबकडी आजही फिरू लागली की खरखरीतून तो आवाज उमटतो आणि गाणे संपताच आपले नाव स्वतःच सांगतो. त्या नावासाठी आता कोणाच्या साक्षीची गरज उरलेली नाही.