ह्युएनत्संग चांद्यास आला होता काय ?

चांद्याहून वरोऱ्याकडे जाताना वाटेत भांदक लागते. तेथील विजासन टेकडीच्या पोटात एक लांब बोळ सरळ आत कोरलेला असून त्याच्या शेवटी बुद्धाची आसनस्थ मूर्ती आहे. ह्या लेण्याचा आणि हिमालयापलीकडील चीन देशाचा काही संबंध असेल, अशी कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु सातव्या शतकातील सुप्रसिद्ध चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग आपल्या ह्या अरण्यप्रदेशात आला होता किंवा कसे, ह्या प्रश्नाचा खल विद्वान लोक गेली दीडशे वर्षे करीत आले आहेत. त्या थोर पुरुषाचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे म्हणून ते येथे थोडक्यात देत आहो.

इ. स. ६०२ च्या सुमारास आजच्या होनान प्रांतात एका विद्वान कुळात त्याचा जन्म झाला. चार भावांत तो सर्वांत धाकटा. वडील बंधू भिक्षू झालेला पाहून त्यानेही बालवयातच मठाची वाट धरली. पुढे अनेक गुरूंपाशी अध्ययन केल्यावर त्यास असे आढळून आले की, एकाच ग्रंथाचा अर्थ प्रत्येक गुरू निराळा सांगतो आणि भाषांतरे तर परस्परांशी जुळतच नाहीत. तेव्हा मूळ संस्कृत ग्रंथच पाहिले पाहिजेत, आणि त्यासाठी ते जेथे रचले गेले त्या देशी स्वतः गेले पाहिजे, असा त्याने निश्चय केला. त्या काळी परदेशगमनास बादशहाची सक्त मनाई होती. त्याचा अर्ज नामंजूर झाला. तेव्हा ६२९ च्या सुमारास (काहींच्या मते ६२७ साली) राजाज्ञा मोडून तो चांगान नगरातून पश्चिमेकडे निघाला.

सरहद्दीच्या पलीकडे वाळवंट होते व त्यात पहाऱ्याचे पाच बुरूज. बरोबर घेतलेला तरुण वाटाड्या एके रात्री सुरी उपसून त्याच्या अंगावर चालून आला व पुढे त्यास सोडून गेला. पहिल्या बुरुजापाशी पाणी घेत असता एक बाण त्याच्या गुडघ्याजवळून सणसणत गेला. एक म्हातारा तांबडा घोडा तेवढा सोबतीस उरला. त्या घोड्याने ही वाट पंधरा वेळा तुडविली होती, एवढीच काय ती त्याची मातबरी ! पुढे पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सारे पाणी वाळूत जिरून गेले. आता मागे फिरण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो दहा ली मागे आलाही. परंतु भारतभूमी पाहिल्याशिवाय पूर्वेकडे एकही पाऊल टाकावयाचे नाही, ही आपली प्रतिज्ञा आठवून त्याने घोड्याचे तोंड पुन्हा पश्चिमेस वळविले. चार रात्री व पाच दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाही. माणूस व जनावर दोन्ही वाळूत पडून राहिली. अखेर घोडाच आपण होऊन एका दिशेस चालू लागला व त्याने धन्यास हिरवळीच्या काठी, पाण्यापाशी नेऊन पोचविले. चरित्रकार अशा वेळी देवाचा धावा सांगतात. आम्हास तो मुका प्राणीही वंदनीय वाटतो.

तुर्फान येथील राजाने त्याचा इतका सत्कार केला की, त्यास पुढे जाऊच देईना. तेव्हा ह्युएनत्संगाने तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केले. राजाने हार मानली व घोडे, सोने आणि पुढील राजांस चोवीस पत्रे देऊन त्याची रवानगी केली. तिएनशान पर्वताच्या बर्फात सात दिवस गेले. तेथे थंडीने व उपासमारीने दहांतील तीनचार सोबती दगावले. समरकंद, बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्ती (ह्या २००१ साली नष्ट करण्यात आल्या), काश्मीर असा प्रवास करीत तो गंगेच्या प्रदेशात उतरला. नालंदा येथे वृद्ध आचार्य शीलभद्रांपाशी त्याने सुमारे पाच वर्षे अध्ययन केले. नंतर दक्षिणेकडे निघून कलिंगातून वायव्येस १८०० ली डोंगर व अरण्ये ओलांडीत सुमारे ६३९ साली तो कोसल देशी आला. हे कोसल म्हणजे अयोध्येचे नव्हे, दक्षिण कोसल होय. तेथील राजा क्षत्रिय असून बौद्धधर्माचा आदर करणारा होता. शंभर विहार व दहा हजारांस थोडे कमी भिक्षू तेथे होते, असे तो नमूद करतो. न्यायशास्त्र जाणणाऱ्या एका ब्राह्मणापाशी तो महिन्याहून अधिक काळ शिकत राहिला, आणि मग एका मोठ्या अरण्यातून ९०० ली दक्षिणेस चालून आंध्रात पोचला.

पुढे महाराष्ट्रात पुलकेशीचे राज्य पाहून व हर्षाचा निरोप घेऊन तो परत फिरला. सिंधू ओलांडताना पन्नास पोथ्या बुडाल्या. तथापि ६४५ साली तो ६५७ ग्रंथ वीस घोड्यांवर लादून चांगानास पोचला. ज्याने आज्ञा मोडली त्यास बादशहाने सन्मानाने भेट दिली. उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात वेचले व ६६४ साली देह ठेविला.

त्याने लिहविलेल्या प्रवासवृत्ताचे फ्रेंच भाषांतर १८५७-५८ साली निघाले. तेव्हा जनरल कनिंगहॅमने तेच पुस्तक वाटाड्या मानून जुनी नगरे शोधण्यास आरंभ केला. सहा लींचा एक मैल धरून त्याने हिशेब केला आणि १८७१ साली कोसलाची राजधानी चांदा असावी, असा तर्क छापला. फर्ग्युसनचा कल आपल्या वैरागडाकडे होता. वैरागड हे १९८२ सालापर्यंत चांदा जिल्ह्यातच मोडत असे, हल्ली ते गडचिरोलीत आहे. परंतु पुढे १९५३ नंतर महानदीकाठी सिरपूर येथे उत्खनन होऊन मोठमोठे विहार बाहेर आले, आणि आता बहुतेक संशोधक सिरपूरचीच बाजू घेतात. आमच्याही मते पारडे तिकडेच झुकते. केवळ आपला गाव म्हणून चांद्याचा आग्रह धरणे बरे नव्हे. मात्र त्या ९०० लींच्या मोठ्या अरण्याचा प्रश्न उरतोच. तो चांद्याहून निघाला असेल तर प्राणहितेच्या काठाने, सिरोंच्यावरून गोदावरीस लागणे त्यास सोयीचे होते. आणि सिरपूराहून निघाला असेल तरी आंध्रात उतरण्यास मध्ये दंडकारण्य होतेच. इंद्रावतीच्या दोन्ही तीरांस पसरलेल्या त्या रानाचा पश्चिमेकडील शेवट आजच्या गडचिरोलीत येतो.