जगदीशचंद्रांचे दान

जत्रेच्या गर्दीत पोलिसाच्या हातातील वॉकीटॉकी बोलत असते, तेव्हा यात्रेकरूंच्या खिशातील मोबाइल पुष्कळदा मुके झालेले असतात. वॉकीटॉकीचा एक संच दुसऱ्याशी थेट बोलू शकतो. मोबाइलवरील संभाषणाच्या अॅपला बहुधा मनोऱ्याचा आणि इंटरनेटचा आधार लागतो. तथापि दोहोंचे मूळ एकच, ते म्हणजे बिनतारी लहरी. थोड्या अंतरावर या लहरींकडून काम करून घेणाऱ्या आद्य संशोधकांत कलकत्त्याचा एक प्राध्यापक होता. त्याच्या चरित्रात अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही विचार करायला लावणारा प्रश्न दडलेला आहे.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंगचा. वडील सरकारी अधिकारी. तरी मुलाला त्यांनी प्रथम बंगाली शाळेतच घातले. केंब्रिजचे शिक्षण आटोपून बोस १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. भारतीय अध्यापकास युरोपीयापेक्षा कमी वेतन देण्याची तेव्हा रीत होती. बोसांनी तीन वर्षे शिकवले, पण पगाराला हात लावला नाही. अखेर सरकारने पूर्ण वेतन थकबाकीसह चुकते केले.

प्रयोगशाळा नव्हतीच. कॉलेजातील एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडविली. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडील घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून त्यांनी या लहरींचे सामर्थ्य दाखविले. सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या लहरींवर त्यांनी काम केले. असल्या आखूड लहरींकडे दळणवळणाच्या जगाचे लक्ष वळण्यास पुढे अनेक दशके जावी लागली.

१९०१ मध्ये लंडनमध्ये एका तारयंत्र कंपनीच्या मालकाने पेटंट घेऊन नफ्यात भागीदारी करण्याचा आग्रह धरला. बोसांनी तो नाकारला. स्नेह्यांच्या भिडेखातर अमेरिकेत अर्ज झाला, १९०४ मध्ये पेटंटही मिळाले. पण त्याचा लाभ उठविण्यात त्यांना रस नव्हता. इकडे मार्कोनींनी कंपनी, भांडवल आणि पेटंट यांच्या बळावर बिनतारी संदेशांचा व्यापार उभारला आणि १९०९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळविला.

बोसांचे हे चुकले काय? केवळ नफ्याच्या त्रैराशिकाने पाहिले तर चुकले, असे म्हणावे लागेल. परंतु ज्ञान ही वस्तूच निराळी. धान्य वाटले तर आपल्या कणगीत घटते. ज्ञान वाटल्याने देणाऱ्याकडचे कमी होत नाही. मात्र खुल्या ज्ञानाचा लाभ उचलण्यास कारखाने, कारागीर आणि भांडवल लागते. परतंत्र देशात ते नव्हते. उणीव बोसांच्या औदार्यात नव्हती. ते दान झेलण्यासाठी पुढे होणारी ओंजळ येथे नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी आपली संशोधनसंस्था स्थापन केली, तीही शोध सर्वांसाठी खुले ठेवण्याच्या संकल्पाने. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज मोबाइल आपल्याकडे जुळविले जातात; पण त्यांच्या पोटातील चिपांसाठी आपण अजून मुख्यतः परदेशांकडेच पाहतो. बोसांना भारतरत्न द्यावे की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा, एखाद्या आडगावच्या कॉलेजात आज कोणी तसा प्राध्यापक निघालाच, तर त्याला एक खोली आणि एक कारागीर तरी मिळेल काय, याचा शोध घेणे अधिक अगत्याचे आहे.