बार्शी लाईटचे कॅलथ्रॉपसाहेब

माझे बालपण उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये गेले. शिंदे सरकारच्या काळी नोकरीनिमित्त माळव्यात जाऊन तिथलीच झालेली जी अनेक मराठी कुटुंबे आहेत, त्यांपैकी आमचे एक. घरात मराठी, ओट्याखाली उतरले की हिंदी. जुने शहर आणि फ्रीगंज यांच्यामधून रेल्वेचे रूळ गेले आहेत आणि त्यांवर पूल आहे. त्या पुलावर उभे राहून खालून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजणे हा आम्हा मुलांचा संध्याकाळचा उद्योग. बाकीची मुले डिब्बे मोजत, मी मात्र वाघिणी मोजत असे. कारण आमचे आजोबा मालडब्याला वाघीणच म्हणत. त्या नावामुळे मी लहानपणी डब्यांवर पट्टे शोधीत असे. इंग्रजी वॅगन मराठीच्या घरात नांदायला आली आणि वाघीण झाली, हे पुष्कळ उशिरा कळले.

वडिलांचे काम मालाच्या हिशेबाचे. ते कधीमधी मला बरोबर नेत. मालडब्याच्या अंगावर पांढऱ्या रंगात काही आकडे लिहिलेले असतात, ते वाचायला त्यांनी मला शिकवले. एक आकडा डब्यात किती माल भरता येतो त्याचा. दुसरा रिकाम्या डब्याचे स्वतःचे वजन किती त्याचा. वडिलांच्या मते खरा वाचायचा आकडा हा दुसरा. माल पोचवल्याचे पैसे मिळतात. डबा स्वतःला वाहून नेतो त्याचे कोणी देत नाही, पण कोळसा मात्र दोन्हींसाठी जळतो.

त्या वेळी उज्जैनला तीन मापांचे रूळ होते. भोपाळ आणि नागद्याकडे जाणारे रुंद, फतेहाबादकडे जाणारे मीटर गेज, आणि आगरला जाणाऱ्या छोट्या गाडीचे अरुंद. ही आगरची गाडी १९७५ साली बंद झाली. आगरकडून आलेले पोते पुढे जायचे तर ते एका डब्यातून पाठीवर घेऊन दुसऱ्या डब्यात टाकावे लागे. हमालांच्या पाठींना तेलाचा आणि गोणपाटाचा एक मिश्र वास येई, तो अजून माझ्या आठवणीत आहे. छोटी गाडी म्हणजे गरिबाची, रडतखडत चालणारी, असे आम्ही धरून चाललो होतो. आगरच्या गाडीची थट्टा न केलेला मुलगा आमच्या वर्गात नसेल.

पुढे नोकरीसाठी सोलापुरास आलो आणि या जिल्ह्यातही एक छोटी गाडी भेटली. आपल्या महाविद्यालयातील कन्नड विभागाचे माझे एक ज्येष्ठ सहकारी लातूरच्या बाजूचे. बार्शी लाईटने ते लहानपणापासून ये-जा करीत आलेले. मी सवयीने त्या गाडीची थट्टा केली, तेव्हा त्यांनी शांतपणे मला बजावले की त्या गाडीचे डबे ज्याने बांधले, त्याची थट्टा करण्याआधी त्याच्याबद्दल थोडे वाचावे. मी वाचले. त्याला आता बरीच वर्षे झाली. थट्टा तेव्हाच थांबली.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतमाल बाजारापर्यंत नेण्यात शेतकऱ्याचे किती जाते, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळवावे लागले नसणार. शाळा अपिंगहॅमची. १८७४ साली ते क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागले. १८७९ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले आणि तिथे गाड्या व डबे बांधण्याच्या कामात मुरले. रेल्वेच्या धंद्यात इंजिन बांधणाऱ्याला जेवढा मान, तेवढा डबे बांधणाऱ्याला नाही. लग्नात घोड्याकडे सगळे पाहतात, वऱ्हाडाच्या बैलगाडीकडे कोण पाहतो? कॅलथ्रॉप यांना इंजिनाचे वेड होतेच, पण त्यांची नजर बैलगाडीवरही होती, असे त्यांच्या पुढच्या कामावरून मला वाटते.

१८८२ साली ते जी. आय. पी. रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा मार्ग तेव्हा झालेला होता, पण बार्शीसारखी व्यापारी पेठ त्यापासून २१ मैल बाजूला राहिली होती. स्टेशनचे नाव बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी. आणि बार्शीचा कापूस, गळिताचे धान्य तिथवर बैलगाडीने यायचे. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की किती वेळ जाई, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. एवढ्यासाठी रुंद रूळ टाकणे कोणाला परवडणारे नव्हते. कॅलथ्रॉप यांनी रजा काढून अशा जोडमार्गांची पाहणी केली आणि १८८७ मध्ये बार्शीसाठी अडीच फुटी रुळांची योजना मांडली. पुढची आठ वर्षे परवानग्या, पत्रव्यवहार आणि भांडवलाची जुळवाजुळव यांत गेली. या काळात त्यांनी जी. आय. पी.ची कायम नोकरी सोडली. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली, आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली.

त्यांचे खरे काम समजून घ्यायचे तर थोडे गणित करावे लागते. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी घाबरू नये, त्रैराशिकापलीकडे यात काही नाही.

रूळ किती जाड घालायचा हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, जास्तीत जास्त किती भार येतो त्यावर ठरते. बहुतेक रेल्वेंत हा सर्वांत मोठा भार इंजिनाचा. मग एका इंजिनासाठी सगळा मार्ग जाड रुळांचा करायचा आणि त्यावरून मागचे चाळीस हलके डबे न्यायचे. रुळाची ताकद इंजिन गेल्यावर वायाच. कॅलथ्रॉप यांनी हिशेब उलटा मांडला. आधी आसावरचा भार पाच टन असा पक्का केला, त्याला पुरेल एवढाच, म्हणजे यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ धरला, आणि मग इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण, प्रत्येकाने आपला भार पाच टनांच्या आत आसाआसांवर सारखा वाटून घ्यावा असे ठरवले. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या इंजिनांना म्हणून आठ चालती चाके आणि मागे आणखी चार चाके दिली. इंजिनाचे वजन सहा आसांवर पसरले.

आता वाघिणीकडे येऊ. दोन बोगी, प्रत्येक बोगीला दोन आस, म्हणजे चार. (आपण बोलताना सबंध डब्याला बोगी म्हणतो, खरी बोगी म्हणजे डब्याखाली वळणावर स्वतंत्र फिरणारी चार चाकांची गाडी.) चार आसांवर पाच-पाच टन, एकूण वीस टन. या वीस टनांत माल आणि डबा दोन्ही आले. समजा डबा आठ टनांचा केला तर माल बारा टन. डबा पाच टनांत बसवला तर माल पंधरा टन. एकशेवीस टन कापूस न्यायला पहिल्या तऱ्हेच्या दहा वाघिणी लागतील, दुसऱ्या तऱ्हेच्या आठ. डब्यातून कमी केलेला प्रत्येक टन म्हणजे साधारण दहा पोती जास्त. फ्रीगंजला वडिलांनी दाखवलेला तो दुसरा आकडा हाच.

पण हलका डबा म्हणजे कमकुवत डबा, ही भीती खरीच. डब्याची अंडरफ्रेम, म्हणजे खालचा सांगाडा, त्या काळी लाकडाची करीत किंवा लोखंडी पट्ट्या आणि अँगल रिव्हेटने जोडून करीत. जोड आला की जादा धातू आला, रिव्हेटसाठी भोक आले, आणि धक्के खाऊन तोच जोड ढिला होणार. लीड्स फोर्ज कंपनीत सॅमसन फॉक्स यांनी निराळी रीत बसवली होती. पोलादाचा पत्रा तापवून हायड्रॉलिक प्रेसखाली एका दाबात हव्या त्या आकाराला आणायचा. कडा वळवल्या की पातळ पत्राही ताठ उभा राहतो. कागदाची पट्टी सपाट धरली तर वाकते, कडा दुमडून धरली तर वाकत नाही, हा प्रयोग वाचकांनी हातातल्या वहीच्या पानावर जरूर करावा. शिवाय तुळईवर जिथे ताण अधिक तिथे खोली अधिक आणि जिथे कमी तिथे कमी, असे प्रेसमध्ये सहज साधते. धातू लागतो तिथेच राहतो. कॅलथ्रॉप यांनी आपल्या वाघिणींसाठी ही दाबीव पोलादाची अंडरफ्रेम आणि दाबीव पोलादाच्याच बोगी घेतल्या.

दुसरी गोष्ट मला त्याहून शहाणपणाची वाटते. त्यांनी सांगाड्याचे एकच माप ठरवले. लांबी २५ फूट, रुंदी ७ फूट. त्यावर उघडी वाघीण बसवा, बंद वाघीण बसवा, प्रवासी डबा बसवा. खालचा सांगाडा तोच. मोडतोड झाली तर सुटा भाग कुठल्याही डब्याला लागतो. बार्शीसारख्या ठिकाणी, जिथे सुटा भाग बोटीने विलायतेहून यायचा, तिथे या गोष्टीची किंमत काय असेल ते कारखान्यात काम केलेल्यालाच कळेल. आणि आणखी एक. रेल्वे केवळ अडीच फुटी, पण तिचा डबा सात फूट रुंद! रुळांच्या दोन्ही बाजूंना डबा सव्वादोन फूट बाहेर. पाहणाऱ्याला आता पडेल असे वाटे. पण भार समतोल असला तर अरुंद रूळ ही अडचण नव्हे, हे दाखवून देण्यासाठी ही सामग्री हिंदुस्थानात येण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम छोटा मार्ग टाकून लोकांसमोर चालवण्यात आली. लष्करी अधिकाऱ्यांनाही त्यात रस होता, कारण अशी रेल्वे लढाईत लवकर टाकता येते. सरकारला शेतकऱ्यापेक्षा तोफेची घाई जास्त असते, हे तेव्हाही होते.

मार्ग पुढे वाढत गेला. त्याच्या वाढीव भागाचे काम सोलापूरच्या एका तरुणाने आपल्या भागीदाराबरोबर घेतले होते. ते वालचंद हिराचंद आणि लक्ष्मणराव फाटक. वालचंदांच्या ठेकेदारीची सुरुवात ती. १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली, पंढरपूरला गेली आणि वारकऱ्यांची झाली, १९२७ मध्ये मिरजेला भिडली. एकूण २०२ मैल.

कॅलथ्रॉप यांचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. कंपनी लंडनची, नफा लंडनचा. आणि रुळांचे माप बदलते तिथला प्रश्न त्यांना कुर्डुवाडीत सोडवता आला नाही. वाघीण कितीही उत्तम असली तरी पोते शेवटी माणसाच्या पाठीवरूनच दुसऱ्या वाघिणीत जाई, उज्जैनला जाई तसेच. हा प्रश्न त्यांच्या मनात असावा, कारण १९०४ साली इंग्लंडमध्ये उघडलेल्या लीक आणि मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेवर त्यांनी अशा वाघिणी चालवल्या, की मोठ्या मापाचा भरलेला डबाच उचलून त्यांवर ठेवता येई. ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. तिच्या एका इंजिनाला त्यांचे नाव होते.

उत्तरायुष्य त्यांनी भलत्याच कामात घालवले. १९१० साली त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स, मोटारींमुळे प्रसिद्ध झालेले तेच, विमान कोसळून गेले. तेव्हापासून वैमानिकाला वाचवणारी हवाई छत्री बनवण्याचा ध्यास कॅलथ्रॉप यांनी घेतला. १९१७ साली तिची उडी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून यशस्वी करून दाखवण्यात आली. तरीही पहिले महायुद्ध संपत येईपर्यंत ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना छत्री मिळाली नाही. विमानाला तिचे ओझे होईल, हेही एक कारण सांगितले गेले. ज्याने जन्मभर ओझ्याचा हिशेब केला, त्याला हे उत्तर मिळावे! या कामात त्यांचा पैसा गेला. अरबी घोडे पाळण्याचा नाद मात्र शेवटपर्यंत होता, आणि १९२० साली घोड्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. ३० मार्च १९२७ रोजी त्यांचे निधन झाले. बार्शी लाईट मिरजेला पोचली तेच हे वर्ष.

१९५४ साली सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात रूळ रुंद करण्याचे काम झाले आणि छोटी गाडी गेली. माझे कन्नड सहकारी शेवटच्या दिवसांत मुद्दाम तिच्यातून एकदा जाऊन आले. मी जायचा राहिलो.

गेल्या हिवाळ्यात फ्रीगंजला भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या मुलाला घेऊन पुलावर उभा राहिलो. खालून मालगाडी गेली. १९८० नंतर देशभर दिसू लागलेली बॉक्सएन जातीची वाघीण रिकामी साडेबावीस टनांच्या आसपास भरते. तिच्यानंतर स्टेनलेस पोलादाची आली ती वीस टन सहाशे किलो, आणि माल मात्र जास्त नेते. २०२२ साली भुवनेश्वरहून ॲल्युमिनियमच्या ६१ डब्यांची गाडी निघाली, ती पोलादी गाडीपेक्षा १८० टनांनी हलकी. हे सगळे मी त्या मुलाला सांगत होतो. त्याचे लक्ष मोजण्याकडे होते. अठ्ठावन्न झाल्या, असे त्याने जाहीर केले आणि मग मला विचारले, की मी त्यांना वाघीण का म्हणतो.